कॉलनीतला रस्ता सावकाश कसा करावा: गतिरोधकाचा अर्ज लिहिण्याआधी

नाशिकच्या एखाद्या कॉलनीत धडक झाली की दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाणारा अर्ज ठरलेला असतो: 'आमच्या रस्त्यावर तातडीने गतिरोधक बसवून मिळावा.' पाठपुरावा दमदार असेल तर काही आठवड्यांत डांबराचा एक उभट उंचवटा येतो. पहिल्या पावसात त्याच्यामागे तळं साचतं, दुचाकीवाले कडेच्या फटीतून निघून जातात, रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसांची कंबर रोज दुखावते, आणि वेग काही पावलांपुरता कमी होऊन पुन्हा होता तेवढा होतो.

गतिरोधक वाईट नाही, पण तो तिसरा उपाय आहे. आधी बाहेरच्या गाड्या कॉलनीत शिरण्याचं कारण काढा. मग रस्त्याची गाड्यांसाठीची रुंदी कमी करा. एवढं करूनही जिथे वेग उतरत नाही तिथेच उंचवटा द्या. क्रम उलटा लावला की गल्लीगल्लीत उंचवटे होतात आणि गाड्या तेवढ्याच राहतात.

ताशी ३० च का

कोरड्या डांबरी रस्त्यावर, समोर मूल आलेलं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ३० किमीची कार तेवढ्यात साडेबारा मीटर पुढे जाते आणि आणखी पाच मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण साडेसतरा मीटर. ताशी ५० ची कार त्या दीड सेकंदातच जवळजवळ २१ मीटर कापते आणि एकंदर ३५ मीटरवर उभी राहते. ३० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. म्हणून कॉलनीत ५० आणि ३० यांतला फरक 'थोडं हळू चालवा' एवढ्यापुरता नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा चिखल होतो तेव्हा हे अंतर आणखी वाढतं.

नुसती पाटी लावून हे साधत नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० आहे. घरांमधल्या रस्त्यासाठी त्याहून कमी मर्यादा स्थानिक पातळीवर अधिसूचित करून घ्यावी लागते. तीही कागदावरच राहते, कारण माणूस पाटी बघून गाडी चालवत नाही, समोर रस्ता किती मोकळा दिसतो ते बघून चालवतो. बारा मीटर रुंद, गुळगुळीत, सरळ रस्ता त्याला 'पळव' असंच सांगत असतो.

आधी मोजा

'गाड्या फार जोरात जातात' या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. आकडा लागतो, आणि तो काढायला रडार गन लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात, चौकापासून निदान ५० मीटर लांब, टेपने ३० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना कडेला खुणा करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला किती सेकंद लागले ते बघा. १०८ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ३.६ सेकंद म्हणजे ३०, २.७ म्हणजे ४०, २.१६ म्हणजे ५०. हाताने स्टॉपवॉच दाबताना एक-दोन दशांश सेकंदांची चूक होतेच आणि वेग जास्त असेल तिथे तेवढ्यानेही आकडा बिघडतो. म्हणून गच्चीवरून मोबाईलवर चित्रीकरण करा आणि नंतर संथ गतीने बघून वेळ लिहा. चित्रीकरणात दोन्ही खुणा एकाच चौकटीत आल्या पाहिजेत. कॅमेरा फिरवत राहिलात तर सगळं वाया.

निदान शंभर गाड्या मोजा, आणि ज्यांच्या पुढे दुसरी गाडी नव्हती अशाच घ्या. आकडे चढत्या क्रमाने लावा. शंभरातल्या पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग हा कामाचा आकडा. अभियंते त्याच भाषेत बोलतात. सरासरी देऊ नका, कारण तीत मंडईतून पिशव्या लटकवून येणारी संथ ॲक्टिव्हा आणि सुसाट बुलेट एकमेकींना झाकतात. दुचाकी, कार आणि टेम्पो वेगळे लिहा. नाशिकच्या कॉलन्यांत दुचाकींचा वाटा एवढा मोठा असतो की उपाय निवडताना हाच तक्ता निर्णय देतो. सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी सहा ते आठ आणि रात्री दहानंतर, अशा तीन वेळा घ्या. गर्दीच्या वेळी वेग आपोआप कमी असतो. रात्रीचे आकडे डोळे उघडतात.

दुसरी मोजणी वाटसरू गाड्यांची. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड यांच्यामधल्या गल्ल्या असोत की इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्याला जाऊन मिळणाऱ्या, मोठ्या रस्त्यावर सिग्नल तुंबला की चालक आतली वाट धरतो. हे सिद्ध करायला दोन माणसं पुरतात. एक आत शिरण्याच्या तोंडाशी, एक बाहेर पडण्याच्या. दोघांनी अर्धा तास प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे आणि मिनिट लिहायचं. रस्ता अर्धा किलोमीटरचा असेल तर तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला उमटलेला नंबर म्हणजे फक्त वाट म्हणून आलेली गाडी. अशा गाड्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघाल्या तर प्रश्न वेगाचा कमी आणि वाटेचा जास्त आहे. उंचवट्याचा अर्ज बाजूला ठेवा आणि पुढचा भाग नीट वाचा.

बाहेरच्या गाडीची वाट मोडणं

तत्त्व साधं आहे: प्रत्येक घरापर्यंत गाडी पोचली पाहिजे, पण कॉलनीच्या आरपार जाता कामा नये. त्यासाठी कॉलनीचा नकाशा कागदावर काढा आणि मोठ्या रस्त्यांपासून आत येणाऱ्या सगळ्या तोंडांना क्रमांक द्या. मग मध्यावरचा एक चौक असा निवडा, की तो गाड्यांसाठी बंद केला तर कॉलनीचे दोन भाग पडतील आणि प्रत्येक भागाला स्वतःचं तोंड राहील. पायी, सायकलने आणि व्हीलचेअरने जाणाऱ्यांना मात्र तिथून जाता आलं पाहिजे. स्पेनमधल्या बार्सिलोनात चौकोनी वस्त्यांना हेच केलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९७० च्या आसपास घरांसमोरचे रस्ते राहत्या अंगणासारखे आखायला सुरुवात झाली, तेव्हाही आरपार वाहतूक तोडणं हा पायाच होता.

बंद करण्याचं सामान म्हणजे एक-दोन झाडांचे मोठे वाफे किंवा पोलादी खुंट. खुंटांमधलं मोकळं अंतर १.२ ते १.५ मीटर ठेवा. कार आणि टेम्पो अडतात, व्हीलचेअर जाते. दुचाकीही जाते, हे आधीच मान्य करा. दुचाकी थांबेल एवढं अंतर कमी केलं तर व्हीलचेअर आणि बाळाची गाडीही अडते, आणि फिरणारं लोखंडी चक्र लावणं हा म्हाताऱ्यांवर अन्याय आहे. म्हणून नाशिकमध्ये अशा अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरच्या आत उंच केलेला पट्टा देऊन दुचाकीचा वेग तिथे उतरवावा लागतो.

अग्निशमन दलाचा आक्षेप पहिल्याच बैठकीत येईल आणि तो रास्त आहे. मधला खुंट कुलूपबंद करून किल्ली दलाकडे द्यायची, हा उपाय कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात कुलूप गंजतं आणि किल्ली नेमकी त्या रात्री सापडत नाही. त्यापेक्षा जागाच अशी निवडा की कोणत्याही इमारतीला पोचायला बंब त्या अडथळ्यातून न्यावा लागणार नाही. नकाशावर प्रत्येक इमारतीपर्यंत चार मीटर मोकळी वाट रंगवून दाखवा, म्हणजे चर्चा लवकर संपते. घंटागाडी, पाण्याचा टँकर आणि शाळेच्या रिक्षा यांचे फेरेही त्याच नकाशावर काढा. घंटागाडीला उलटं मागे यावं लागत असेल तर तुमची आखणी चुकली, कारण मागे येणारं जड वाहन हा कॉलनीत सगळ्यात वाईट प्रकार.

पूर्ण बंद करणं जमत नसेल तर एकेरी रस्त्यांची साखळी करा, पण एका अटीवर: एकेरी केलेला रस्ता अरुंदही झाला पाहिजे. नुसती पाटी लावून रुंद रस्ता एकेरी केला की समोरून येणाऱ्याची भीती जाते आणि वेग वाढतो. शिवाय एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने दुचाकी येणारच, त्या दिशेला बघायची कोणाला सवय नसते, आणि पायी ओलांडणारा तिथे सापडतो.

रुंदी कापताना

विकास आराखड्यातल्या रस्त्याची रुंदी आणि गाड्यांसाठीची रुंदी या दोन गोष्टी एक नाहीत. दोन कार सावकाश एकमेकींना ओलांडायला साडेपाच मीटर पुरतात. त्याहून जास्त दिलं की ते वेगाला दिलं.

९ मीटरच्या कॉलनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना १.८ मीटर पदपथ दिला की मधे ५.४ मीटर उरतात. १२ मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे १.८ मीटर पदपथ, एका बाजूला २ मीटर पार्किंग, ५.५ मीटर गाडीरस्ता आणि उरलेल्या ०.९ मीटरच्या पट्ट्यात झाडं, विजेचे खांब, डीपी बॉक्स. १८ मीटरला दोन्हीकडे २.५ मीटर पदपथ, १.१ मीटर झाडांचा पट्टा, २.१ मीटर पार्किंग आणि मधे ६.६ मीटर. खांब आणि डीपी बॉक्स पदपथाच्या १.८ मीटरमध्ये मोजू नका. ती रुंदी चालण्यासाठी पूर्ण मोकळी हवी.

पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बऱ्याच ठिकाणी पदपथ एवढा उंच असतो की आजी त्यावर चढतच नाहीत, रस्त्यावरूनच चालतात. दुसरं दुखणं बंगल्यांच्या फाटकांचं: प्रत्येक फाटकासमोर पदपथ तोडून उतार दिला की चालणाऱ्याची घसरगुंडी होते. पदपथ आहे त्याच पातळीत पुढे न्या आणि गाडी चढण्याचा उतार फक्त कडेच्या अर्ध्या मीटरमध्ये द्या. लोकांनी रस्त्यावर काढलेले खासगी रॅम्प काढताना भांडण होतंच; ते आखणीच्या वेळीच उरकावं, काँक्रीट ओतताना नव्हे.

पार्किंगचा वापर हा रुंदी कापण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. सरळ रस्त्यावर ३०-४० मीटर डाव्या बाजूला आणि पुढचे ३०-४० मीटर उजव्या बाजूला पार्किंग आखलं की गाडीची वाट नागमोडी होते. मात्र प्रत्येक पट्ट्याची सुरुवात आणि शेवट कर्ब स्टोनच्या (पदपथाच्या कडेला लावतात त्या दगडांच्या) पक्क्या ओट्याने करा, त्यावर झाड लावा. नुसत्या रंगाच्या रेषेवर भिस्त ठेवली तर दुपारी गाड्या नसताना तोच रस्ता पुन्हा सरळ आणि मोकळा होतो. सिडकोतल्या अरुंद गल्ल्यांत याची गरज नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या उभ्या गाड्यांनी वेग आधीच मारलेला असतो. धोका असतो तो गाड्यांच्या मधून अचानक बाहेर येणाऱ्या मुलाचा. तिथे कोपऱ्यापासून पाच मीटरपर्यंत गाडी लावता येणार नाही असे खुंट ठोकणं जास्त कामाचं.

नाशिकची एक खास अडचण म्हणजे रुंदीकरणानंतर डांबरात उभी राहिलेली झाडं. रात्री ती यमदूत ठरतात, म्हणून कोणी तोडा म्हणतं, कोणी कोर्टात जातं. रहिवासी रस्त्यावर यातली बरीच झाडं तोडायची गरजच नाही. झाड कडेपासून दीड-दोन मीटर आत असेल तर त्याला सामावणारा पार्किंगचा पट्टा आखा, झाडाच्या आधी आणि नंतर तिरक्या कर्बचा ओटा द्या, ओट्याच्या नाकावर परावर्तक खुंट लावा. झाड वाहनाच्या वाटेतून बाहेर पडतं आणि रुंदी कापायचं काम फुकटात होतं. खोडाभोवती एक मीटर तरी माती उघडी ठेवा. झाड गाडीरस्त्याच्या अगदी मधे असेल तर मात्र हा मार्ग नाही. तिथे उद्यान विभागाशी पुनर्रोपणाचं बोला.

चौक आणि कोपरे

कोपरा जेवढा गोल, तेवढी गाडी जोरात वळते. कॉलनीच्या चौकात कर्बची त्रिज्या ३ ते ४ मीटर ठेवा. सिटीलिंकची बस वळत असेल तिथेच जास्त द्या.

छोटं वर्तुळ हा चार रस्त्यांच्या चौकासाठी फार चांगला उपाय आहे, पण माप चुकलं की ते लोक आठवड्यात तोडतात. ६ मीटरचे दोन गाडीरस्ते काटकोनात मिळत असतील आणि कोपऱ्यांची त्रिज्या ३ मीटर असेल, तर चौकाच्या मध्यापासून कोपऱ्याच्या कर्बपर्यंत साधारण ५.५ मीटर मिळतात. मधे २ मीटर व्यासाचं वर्तुळ घातलं की साडेचार मीटर वाट उरते. टँकर आणि बंब जातो. कोपरा अगदी काटकोनी असेल तर तीच वाट सव्वातीन मीटर होते आणि टँकर वर्तुळावर चढतो. म्हणून वर्तुळ घालायचं तिथे कोपरे थोडे गोल लागतातच. वर्तुळाची कड ७५ मिलिमीटर, मधला भाग १२५ मिलिमीटर, घुमटासारखा आणि चढण्याजोगा ठेवा. मोठं वाहन चाक वर घेऊन जाईल, कारवाला टाळेल. त्यात पुतळा, कारंजं, मंडळाचा फलक काहीही नको. नजर अडली की वर्तुळाचा उपयोग संपला.

उंचवटा, करायचाच तर असा

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने मान्य केलेला गोल उंचवटा ३.७ मीटर लांब, मध्यभागी १०० मिलिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्यावरून कार साधारण ताशी २५ ने आरामात जाते, ४० ने गेली तर उडते. दिसायला तो जवळजवळ सपाट वाटतो, म्हणून रहिवासीच ठेकेदाराला 'अजून उंच करा' म्हणतात. नका म्हणू. अर्धा मीटर लांब आणि १५० मिलिमीटर उंच असा उभा ओटा सायकल, स्कूटर आणि रिक्षाला मोडतो. मोठी गाडी जोरात गेली तर तिच्या स्प्रिंगाच तो गिळतात.

ठेकेदाराच्या माणसांना त्रिज्या सांगून उपयोग नाही, फर्मा, म्हणजे त्या आकाराचा साचा द्या. प्लायवूडचा पावणेचार मीटरचा फर्मा दोन तुकड्यांत कापून घ्या. मध्यावर उंची १०० मिलिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९३, एक मीटरवर ७१, दीड मीटरवर ३४ आणि १.८५ मीटरवर शून्य. रोलर फिरल्यावर हा फर्मा रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि मधे, अशा तीन ठिकाणी ठेवून बघा. कुठेही एका बोटापेक्षा जास्त फट दिसली तर माल गरम असतानाच दुरुस्त करून घ्या. थंड झाल्यावर कोणी परत येत नाही.

मालाचा हिशेब: ६ मीटर रुंदीला सुमारे दीड घनमीटर, म्हणजे दाबून झाल्यावर साडेतीन टन हॉट मिक्स (गरम डांबर-खडीचं मिश्रण). छोटा हत्तीभर माल टाकून फावड्याने थापटलं तर काय झालं ते तुम्हाला यावरून कळेल. दोन्ही टोकांना जुन्या डांबरात ३०-४० मिलिमीटर खोल खाच कापावी लागते, नाहीतर पातळ कड पहिल्या पावसाळ्यात उखडते. खाली टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारायचा डांबराचा पातळ हात) चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, म्हणजे या उंचवट्याला पाच-सहा किलो. माल दोन थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा. काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर घ्या. ओल्या रस्त्यावर टॅक कोट धरत नाही.

पाणी हे सगळ्यात जास्त उंचवटे मारतं. रस्त्याचा उतार बघा आणि उंचवटा पावसाळी चेंबरच्या लगेच खालच्या अंगाला घ्या, म्हणजे पाणी उंचवट्याला अडण्याआधी चेंबरमध्ये जाईल. चेंबर नसेल तर कडेला २०० ते ३०० मिलिमीटर जागा सोडा. त्या फटीतून दुचाकी जाणारच, म्हणून फटीच्या आधी रबरी खुंट लावा. उंचवट्याखालून पाइप टाकण्याच्या फंदात पडू नका. गुलमोहोराच्या पाकळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांनी तो एका हंगामात बुजतो.

एकटा उंचवटा निरर्थक. दोन उंचवट्यांमध्ये १०० ते १२० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, दुचाकी जास्त असतील तर ८० वर आणा. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे तो निदान एक कार उभी राहील एवढा, पाच ते दहा मीटर आत घ्या. चेंबरच्या झाकणावर, वळणावर आणि फाटकासमोर नको. ४० मीटर आधी त्रिकोणी पाटी, उंचवट्यावर थर्मोप्लास्टिकचे पट्टे, आणि जवळ पथदिवा. दिवा नसेल तिथे उंचवटा मागूच नका. अंधारात न दिसणारा उंचवटा स्वतःच अपघात करतो.

शाळा, उद्यान, देऊळ, दूधकेंद्र यांच्यासमोर गोल उंचवट्याऐवजी उंच केलेलं क्रॉसिंग करा. माथा सपाट, ३ ते ४ मीटर, उंची पदपथाएवढी पण १५० मिलिमीटरच्या आत, दोन्हीकडचे उतार १ ला १२ ते १ ला १५, बसमार्गावर १ ला २०. एकाच बांधकामात गाडी हळू होते आणि चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. माथ्याला पेव्हर ब्लॉक वापरायचे तर त्यांच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर टेम्पोचे ब्रेक ब्लॉक पुढे ढकलतात. गुळगुळीत रंगाने झेब्रा भरू नका, पावसात दुचाकी घसरते.

रबरी गतिरोधक बोल्टवर बसतात. बोल्ट ढिले होतात, तुकडे निघतात, आणि उघडे बोल्ट टायर फाडतात. तात्पुरत्या कामाला ठीक. रंबलर, म्हणजे ओळीने दिलेल्या बारीक उंच पट्ट्या, घरांजवळ कधीच नको: रात्रभर आवाज घरात येतो, आणि सवयीच्या माणसाचा वेग त्याने कमी होत नाही.

फक्कीने आखून बघा

पक्कं काम मागण्याआधी दोन ते चार आठवड्यांची तालीम घ्या. मैदान आखायची फक्की, वाळूने भरलेले ड्रम, शंकू, परावर्तक टेप आणि दोरी एवढं सामान पुरे. पहिल्या दिवशी फक्कीने कोपरे, वर्तुळ, पार्किंगचे पट्टे आखा आणि टँकरवाल्याला बोलावून एक फेरी मारायला लावा. त्याचं चाक कुठे रेषेवर जातं ते बघून रेषा हलवा. हे कोणत्याही संगणकीय नकाशापेक्षा खरं असतं. मग रेषेवर ड्रम ठेवा. रिकामे ड्रम वाऱ्याने आणि पोरांमुळे हलतात, निदान अर्धे भरा. रात्री दिसतील अशी टेप चारही बाजूंना गुंडाळा.

हे स्वतःच्या मर्जीने करायचं नाही. वाहतूक शाखेची लेखी परवानगी आणि विभागीय कार्यालयाला पत्र आधी. स्वतःच्या खर्चाने रातोरात उंचवटा घालणाऱ्या सोसायट्यांनी हे नीट वाचावं: त्यावर कोणी पडलं तर जबाबदारी घालणाऱ्यावर येते. तालीम गणपती, नवरात्र किंवा परीक्षांच्या दिवसांत घेऊ नका, आकडे खोटे येतात. पहिल्या चार दिवसांच्या शिव्यांवरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच ३० मीटरची मोजणी करा.

कागद कुठे न्यायचा

रस्त्याचं बांधकाम महापालिकेच्या बांधकाम विभागाचं. तुमचा भाग नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर की नाशिकरोड विभागात येतो ते बघा आणि तिथल्या उपअभियंत्यापासून सुरुवात करा. एकेरी मार्ग, प्रवेशबंदी, वेगमर्यादा, पार्किंग यांची अधिसूचना पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडून. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकच नकाशा जोडलेलं पत्र द्या आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्याची प्रत दिल्याचं लिहा. नाहीतर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि वर्ष जातं.

पत्रासोबत पाच कागद असावेत: वेगाचा तक्ता, वाटसरू गाड्यांची मोजणी, मापांसह नकाशा, बंबाच्या वाटेचा नकाशा आणि रहिवाशांच्या सह्या. सह्या घेताना कोपऱ्यावरचा दुकानदार आणि डॉक्टर आधी गाठा. पार्किंग जाईल या भीतीने विरोध तिथूनच सुरू होतो, आणि त्यांना माल उतरवायची ठरावीक जागा नकाशावर दाखवली की बहुतेकदा मावळतो. मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९८-अ, ज्यात रस्त्याच्या सदोष आखणी-बांधणीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधितांना एक लाखापर्यंत दंड आहे, ते पत्रात शांतपणे नमूद करावं. धमकीच्या सुरात लिहिलं तर फाइल उघडलीच जात नाही.

वेळ महत्त्वाची. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, म्हणजे प्रस्ताव नोव्हेंबरपर्यंत आत गेलेला हवा. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. तुमचा रस्ता त्या यादीत असेल तर काँक्रीट पडण्याआधीच कोपरे, उंच क्रॉसिंग आणि चेंबरच्या जागा कामाच्या अंदाजपत्रकात घालून घ्या. काँक्रीट झाल्यावर तो रस्ता दोषदायित्व कालावधीत, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, कापायला कोणी परवानगी देत नाही, आणि कापला तर ठेकेदार पुढच्या प्रत्येक तड्याचं खापर त्या कापण्यावर फोडतो. कामाचं अंदाजपत्रक आणि आडवा छेद (रस्त्याची रुंदी कशी वाटली आहे ते दाखवणारं चित्र) माहितीच्या अधिकारात मागता येतो. मिळाला की आधी गाडीरस्त्याची रुंदी तपासा.

काम झाल्यावर

एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, तीच मोजणी. पंच्याऐंशीवी गाडी ३० च्या आसपास आली असेल तर थांबा. ३५ च्या वर असेल तर उंचवटे दूर पडले आहेत किंवा रुंदी अजून जास्त आहे. आधी रुंदी बघा. शेजारच्या दोन गल्ल्यांतही मोजा, कारण अर्धवट काम झालं तर गाड्या तिकडे वळलेल्या असतात. तसं दिसलं तर तिथल्या रहिवाशांनी तक्रार करण्याआधी तुम्हीच त्यांना आकडे द्या आणि पुढचा प्रस्ताव एकत्र करा.

दरवर्षी मे महिन्यात पट्टे, परावर्तक आणि कडेच्या फटी बघून घ्या. फटीत साचलेली माती घंटागाडीवाल्यांचं काम नाही आणि गटार विभागही तिला आपली म्हणत नाही, तेव्हा ती कोण काढणार हे आधीच्याच पत्रात लिहून घ्या. रस्त्यावर नवा डांबराचा थर पडतो तेव्हा उंचवट्यावरही थर चढतो आणि त्याचा आकार जातो, किंवा शेजारचा रस्ता वर येऊन १०० मिलिमीटरचे ६० होतात. थर पडण्याच्या दिवशी फर्मा घेऊन कोणीतरी तिथे उभं राहिलंच पाहिजे, म्हणून तो प्लायवूड सोसायटीच्या मीटररूममध्ये जपून ठेवा.